एक पाय गार, एक पाय गरम

प्रिय रीके,

पाकिटावर लाइपझिगचा शिक्का बघून चक्रावली असशील. मी तर तुला सांगितलं होतं की तीन आठवडे बाड एल्स्टरला शेक आणि मालिश घ्यायला चालले आहे. ते खोटं होतं. माझ्या कंबरेच्या मणक्यातली झिजलेली गादी काढून इथे तिच्या जागी कृत्रिम गादी बसवली आहे. किंचाळू नकोस. मी धड आहे, आणि हे पत्र खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितेय, कारण जास्त वेळ बसायची अजून परवानगी नाही.

वृद्धाश्रमात मी कामावर असताना रिख्टरआजोबा टबात घसरले आणि मी त्यांना वरच्या वर धरलं, तेव्हा तू सातवीत होतीस. त्या दिवसापासून माझं दुखणं आपल्या घरात मुक्कामाला आलं. तुझे बाबा कासेलला निघून गेले, दुखणं मात्र जायचं नाव घेईना. इंजेक्शनं झाली, कंबरेचे पट्टे झाले, चेरीच्या बियांची उशी तापवून शेकताना पाठीवर डाग पडले. शाळेत जाण्याआधी तू माझ्या पायांत मोजे चढवायचीस आणि वर म्हणायचीस, "पाय पुढे करावा, राणीसाहेब!" मी हसायचे, आणि हसले की कळ यायची. ऑपरेशनचं दोन डॉक्टरांनी सुचवलं होतं, आठवतं? दोन्ही वेळा मी घरी येऊन बटाट्याचं सूप करत बसले आणि तो विषयच काढू दिला नाही. कुणी सुरी हा शब्द काढला तरी मी खोलीबाहेर जायचे.

या वेळी मी आपणहून गेले. डॉक्टर हाउबोल्ड म्हणजे सुतारासारख्या रुंद हातांचा माणूस. त्यांनी ती गादी माझ्या तळहातावर ठेवली. धातूच्या दोन लहान चकत्या आणि मध्ये प्लॅस्टिकचा गोळा. मला वाटलं, पाठ उघडतील. तर म्हणाले, "नाही हो, पोटातून जायचं. आतडी बाजूला घ्यायची, मग मोठ्या रक्तवाहिन्या हळूच सरकवायच्या, मागे मणका असतोच." हळूच म्हणे! मी विचारलं, ही मोडली तर? "मोडलेली मी पाहिली नाही," ते म्हणाले, "सरकलेली पाहिली आहे. आणि दुखणं पूर्ण जाईल असं वचन मी कुणालाच देत नाही." हा माणूस थोडं खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. सही करताना माझं नाव मलाच वाचता येईना.

माझ्या खोलीत लोरेन्त्सबाई होत्या. वय ऐंशी, खुबा नवा, जीभ जुनीच. ऑपरेशनच्या सकाळी मला न्यायला आले तेव्हा मी पलंगाची दांडी सोडेना. परिचारिका समजावत होती, आणि या पलीकडून म्हणतात, "अहो, दांडीसकट नेणार आहात का त्यांना?" मी रडतही होते आणि हसतही होते. तशीच आत गेले. गुंगी चढताना मनात एवढंच होतं, की रक्तवाहिनीला धक्का लागला तर तुला कोण कळवणार? मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शुद्धीवर आले, तर उजवा पाय बर्फासारखा गार. डावा चांगला उबदार, आणि उजवा जणू दुसऱ्या कुणाचा. रीके, मी तो हलवून पाहिलाच नाही. हलला नाही तर? म्हणून तशीच छताकडे बघत पडून राहिले, आणि डॉक्टरीणबाई येऊन गेल्या तेव्हाही "छान आहे" म्हणाले. खोलीत आणल्यावर लोरेन्त्सबाईंनी माझं तोंड पाहिलं. "काय झालं?" "माझा उजवा पाय गेला," मी म्हटलं. "मग हलवून बघा की!" "धीर होत नाही." त्यावर ही बाई आपला नवा खुबा सांभाळत, चालायची चौकट टेकत टेकत माझ्या पलंगापाशी आली, पांघरूण उचललं आणि माझ्या अंगठ्याला असा करकचून चिमटा काढला की मी पाय झाडला आणि माझ्या किंकाळीने सगळा मजला गोळा झाला. "गेलेला पाय लाथ मारत नाही," म्हणाल्या आणि परत जाऊन झोपल्या. डॉक्टर हाउबोल्ड नंतर पोट धरून हसले. उजवा पाय बरोबरच होता. डाव्या बाजूने आत शिरताना तिथल्या बारीक नसा दुखावल्या, म्हणून डावा जास्त गरम झाला आणि त्याच्यापुढे उजवा गार वाटत होता. काही महिन्यांत उतरेल म्हणे.

आता मी चालते. जुनी कळ गेली आहे. पोटावरचा टाका ओढतो, पण ते दुखणं वेगळं, साधं. तरी शिंक आली की भिंत धरते. आत काही सरकलं तर, या भीतीने जिना उतरताना अजून घाम फुटतो. धीट झाले असं समजू नकोस.

हे सगळं आता का सांगतेय? इस्टरमध्ये तुझ्या मैत्रिणीचा, यूलेचा फोन आला होता. ती म्हणाली, दक्षिण ध्रुवाकडच्या त्या संशोधन केंद्रात विजेच्या कामासाठी तू अर्ज केलास, पण निवड झाली तरी नाही म्हणणार, कारण घरी आई आहे. त्याच आठवड्यात मी इथली वेळ घेतली. काल तिचा पुन्हा फोन आला. निवड झाली, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तिच्यावर रागावू नकोस. हे उपकार समजू नकोस, पाठ माझी होती. आणि ती कायमची बरी झाली असंही मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. तिथे हिवाळाभर विमान उतरत नाही म्हणे. मला काही झालं तरी तुला येता येणार नाही. ऑपरेशनपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. तरी सांगते, बाळा, तू जा. पत्र मिळालं की आधी त्यांना फोन कर, हो म्हण, आणि मगच मला कर. माझा आवाज आधी ऐकलास तर तू जाणार नाहीस.

तुझीच, भित्री पण उभी असलेली,
आई