मावशीचा खासदार

काँग्रेस हाइट्स, वॉशिंग्टन
३ ऑगस्ट

ती. डेसा मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न विचारता लिहिते आहे. फोन केला नाही, कारण पहिल्या वाक्यानंतर तू मला बोलूच दिलं नसतंस. आई सांगते तसा माझा भाऊ टेवॉन सैन्यात नाही. मार्चपासून तो इथल्या तुरुंगात आहे. तुमच्या चर्चमध्ये दर रविवारी शिपायांच्या यादीत त्याचं नाव घेऊन प्रार्थना होते. ते ऐकून आईला रडू येतं, पण खरं सांगवत नाही.

त्यानं आणि दोन मित्रांनी घरोघर जेवण पोचवणाऱ्या एका माणसाला पिस्तूल दाखवून त्याची स्कूटर हिसकावली. पिस्तूल टेवॉनच्या हातात होतं. गोळी झाडली नाही, आणि गुन्हा त्यानं कबूल केलाय. पिस्तुलामुळे किमान पाच वर्षं ठरलेली. पण आमच्या शहराच्या कायद्यानं पंचविशीच्या आतल्या मुलाला न्यायाधीश त्याहून कमी शिक्षा देऊ शकतात, आणि तो नीट वागला तर नावावरचा डागही पुसता येतो. टेवॉन वीस वर्षांचा आहे.

पण राजधानी कुठल्याच राज्यात नाही, म्हणून आमचे कायदे संसदेला बदलता येतात. आता तिथे विधेयक आलंय की ही सवलत फक्त अठराच्या आतल्यांना, आणि शिक्षेचे नियम आमच्या नगर परिषदेनं पुढे बदलायचेच नाहीत. टेवॉनच्या शिक्षेची तारीख दोन ऑक्टोबर. त्याआधी विधेयक मंजूर झालं तर त्याला कोणता नियम लागेल, हे वकीलबाईंनाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी अकरा खासदारांच्या कचेऱ्यांत फोन केले. प्रत्येक ठिकाणी आधी पिन कोड विचारला, आणि तो ऐकल्यावर गोड आवाजात सांगितलं की साहेब फक्त आपल्या मतदारांचं ऐकतात. आमच्या प्रतिनिधीला तिथे बोलता येतं, मत देता येत नाही. तुला मात्र मत देणारा खासदार आहे, मावशी. त्याला लिहिशील?

लोभ आहेच. हे वाचून झाल्यावरही राहू दे.
कियोना

विल्सन, नॉर्थ कॅरोलायना
११ ऑगस्ट

चि. कियोनास,
अनेक आशीर्वाद. कान पिळायचा आहे, तो भेटल्यावर.

तुझ्या आईला विचार, मी शिपायासाठी म्हणून चार जोड पायमोजे विणून पाठवले ते कुणी घातले? घरातली पहिली पदवीधर तू. पण मावशीशी खोटं बोलू नये एवढी अक्कल पदवीशिवायही येते.

आता माझं ऐक. वसंतात आमच्या चर्चची बस राजधानी बघायला आली होती. भर दुपारी दोन पोरांनी लुएलाबाईंची पर्स ओढली. त्या पडल्या, मनगट मोडलं. अजून त्यांना बरणीचं झाकण उघडता येत नाही. म्हणून राजधानीतल्या पोरांना आवरा असा अर्ज आला, तेव्हा घरोघर फिरून सह्या मीच गोळा केल्या. पहिली सही माझी. अर्ज याच विधेयकासाठी होता. खासदारांनी आभाराचं पत्र पाठवलं, ते फ्रिजवर लावलंय.

त्या जेवणवाल्या माणसासाठी कोण पत्र लिहितंय? पोरगा माझा निघाला म्हणून मोडलेलं मनगट मला दिसेनासं व्हायचं का? हे माझ्याच्यानं होणार नाही.

जेवत जा. तुझं अक्षर बारीक झालंय.
मावशी

काँग्रेस हाइट्स
१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू रागावशील हे धरूनच चालले होते. तुझं बरोबर असेल, हे मात्र धरलं नव्हतं.

त्या माणसाचं नाव हाब्तामू. तो कोर्टात आला होता. सांगत होता की अजून कुणी पोरगं जवळून येताना दिसलं तरी तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी मान खाली घातली. टेवॉननं घातली नाही, शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत ऐकलं.

त्याला शिक्षा नको असं मी म्हणतच नाही. फक्त ती किती, हे त्याला समोर बघितलेल्या न्यायाधीशानं ठरवावं. आणि आमचा कायदा चुकीचा असेल तर आम्ही निवडलेल्यांना आम्ही जाब विचारू. नगर परिषदेच्या सभेत मी दोनदा उभी राहिलेय. आमच्या गल्लीतली तीन पोरं दोन वर्षांत मारली गेली, मावशी. इथली भीती तुमच्या बसबरोबर आली नाही आणि बसबरोबर गेलीही नाही.

लिही किंवा लिहू नकोस. माझ्याशी बोलणं मात्र सोडू नकोस.
कियोना

विल्सन
१ सप्टेंबर

चि. कियोनास,
आशीर्वाद.

काल उपासनेत आपापले अनुभव सांगायच्या, साक्षीच्या वेळी मी चर्चमध्ये उभी राहिले. पाळकांना वाटलं, माझा गुडघा बरा झाला म्हणून देवाचे आभार मानणार. मी सांगितलं की तुमच्या यादीतला शिपाई शिपाई नाही, तुरुंगात आहे, आणि ज्यांना आवरायला मी तुमच्या सह्या घेतल्या त्यांतलाच एक आहे. सगळ्यांच्या हातातले पंखे थांबले. कुणीतरी मागून म्हणालं, हे आधी माहीत असतं तर. मी म्हटलं, मलाही.

माझी सही मी मागे घेतली, खासदारांना कारणासकट कळवलं. आणखी नऊ जणांनी घेतली. बाकीच्यांनी नाही. लुएलाबाईंनीही नाही, आणि मी त्यांना विचारलंही नाही. पण पाळक टेवॉनचं नाव प्रार्थनेच्या यादीतून काढू लागले तेव्हा त्यांनीच अडवलं. आता तो शिपायांतून आजाऱ्यांत गेलाय.

न्यायाधीशांनाही पत्र टाकलंय. त्यात पोराचं कौतुक केलेलं नाही. एवढंच लिहिलं की तो सुटेल तेव्हा त्याच्याकडे बघायला माणसं आहेत.

आईला म्हणावं, आता फोन कर.
मावशी

वॉशिंग्टन
६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
नमस्कार.

कियोना मला मजकूर लिहून देते म्हणाली होती. मी नको म्हटलं, म्हणून चुका माझ्या.

न्यायाधीशबाईंनी आपल्या शहराच्याच कायद्यानं दोन वर्षं दिली. शिक्षा भोगायला इथल्या कैद्यांना बाहेरच्या राज्यांत पाठवतात, मला कुठे नेतील ते अजून कळलं नाही. हाब्तामू आला होता. मी त्याची माफी मागितली. तो उठून निघून गेला नाही.

तुझ्या खासदारानं शेवटी विधेयकाच्याच बाजूनं मत दिलं, आणि खालच्या सभागृहात ते मंजूर झालं. कियोना दोन दिवस जेवली नाही. वरच्या सभागृहात मतदान व्हायचं आहे, म्हणून ती पुन्हा फोनला लागलीय. सगळीकडे आधी पिन कोडच विचारतात.

शेजारच्या कोठडीत मार्केल आहे, एकोणीस वर्षांचा. त्याची तारीख डिसेंबरात. तू न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची प्रत वकीलबाईंनी मला दिली, ती मी त्याला वाचून दाखवली. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं की तुमच्याकडच्या वरच्या सभागृहाच्या खासदारांना तू त्याच्याबद्दलही चार ओळी लिहशील का. मी म्हटलं, विचारून बघतो. त्याला कॅरोलायनात कुणी मावशी नाही.

तुझा,
टेवॉन