माझा संगणक बंद असताना

मी, शैलेश दयाराम नाखवा, वय एकसष्ट, मूळचा करंजाचा, हल्ली राहणार सुकापूर, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे हृदय अधू आहे, डोके नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. सुकापूरचा फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझी थोरली बहीण कृष्णाबाई हिला मिळाव्यात. मासळी विकून तिने मला इंजिनिअर केले. गॅलरीत सुकट वाळवण्यास सोसायटीची हरकत असल्यास सोसायटीने तिच्याशी वाद घालून बघावा.

२. माझी खरी मिळकत म्हणजे ‘भरती’ हा प्रोग्राम. तो खाडीतील भरती-ओहोटीच्या वेळा सांगतो. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, म्हणून तो कोणाच्या नावे करता येत नाही. सांभाळण्याचा अधिकार मात्र देता येतो. तो कृष्णाबाईची मुलगी रोशनी हिला देतो.

३. रोशनीने ध्यानात ठेवावे की त्यातले अवघड गणित माझे नाही. ते एका परदेशी माणसाच्या लायब्ररीत, म्हणजे कोणालाही वापरता येईल अशा तयार कोडच्या संचात, आहे आणि ती त्याने जगाला फुकट देऊन टाकली आहे. मी त्याला कधी पाहिले नाही. त्याचे गणित माझ्या कोडला जोडले जाते आणि करंजाच्या बंदरातून माझ्या माणसांच्या होड्या वेळेवर सुटतात. इतकी वर्षे पाहूनही माझ्या अंगावर काटा येतो. त्याचे नाव प्रोग्रामवरून कधीही काढू नये.

४. विंडोजवर ही लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच घालावी. पूर्वी तसे नव्हते, तेव्हा कृष्णाबाईचा फोन आला होता, “शैल्या, तुजी भरती उघडत नाय रं. कसली लायबरी मागतंय. मी कुठून आणू?” लिनक्सवर मात्र यंत्रात असलेलीच वापरावी, म्हणजे लायब्ररीतली चूक एकदा दुरुस्त झाली की सगळ्यांचीच होते.

५. माझा जुना मित्र निनाद म्हणे, सगळीकडे पोटातच घाल. यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले. जाताना तो म्हणाला, “तुझी बिल्ड फाइल लायब्ररी फक्त तुझ्याच फोल्डरमध्ये शोधते. तू गेलास की भरती पण गेली.” पोटाबाबत तो आजही चूक आहे. फोल्डरचे रोशनीने निस्तरले. आता कोडपासून प्रोग्राम बांधणारी ती फाइल ज्या यंत्रावर असेल तिथेच लायब्ररी शोधते. निनादला मी काहीही ठेवलेले नाही, त्यामुळे साक्षीदार व्हायला त्याला कसलीच आडकाठी नाही.

६. सही करण्यापूर्वी आज परीक्षा घेतली. माझा संगणक बंद करून प्लगही काढला. रोशनीचा विंडोज लॅपटॉप, शेजारच्या दिपिकाचा लिनक्सवाला आणि निनादचा मॅक, तिन्हींवर कोड नव्याने उतरवला. मॅक अडला: लायब्ररी सापडत नाही. माझा हात प्लगकडे गेला.

“बस गुमान,” कृष्णाबाई म्हणाली. “पोरीला करू दे.”

रोशनी आणि निनाद यांनी डोकी एकत्र करून एक ओळ बदलली. तिन्ही पडद्यांवर उद्याच्या भरतीची एकच वेळ उमटली.

“तुजा बंद हाय ना?” कृष्णाबाईने विचारले.

“बंद हाय, बाय.”

मी नसताना हे कसे चालेल ते मला जिवंतपणी पाहायला मिळाले. माझा संगणक कोणाच्या नावे करण्याची आता गरज नाही. तो भंगारात द्यावा.

सही: शैलेश दयाराम नाखवा

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१) निनाद गुप्ते (पोटाबाबतचे म्हणणे अमान्य)
२) दिपिका म्हात्रे

सुकापूर, ता. पनवेल
१२ जानेवारी २०२५