तात्याला कोण बघणार

रहिमतपूर,
ता. १४ नोव्हेंबर २०२४

चि. अंबूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघे भाऊ ठीक आहोत. तुमच्या द्राक्षबागेची छाटणी उरकली असेल. ऋषिराजला म्हणावं, आभाळ आलंय, औषध मारायचा आळस करू नकोस. सूनबाईंना आशीर्वाद.

फोन असताना हा म्हातारा कागद का खरडतोय, असं म्हणशील. पलटणीतली सवय. शिवाय हल्ली फोनवर मला शब्द लवकर सापडत नाहीत, आणि सापडेपर्यंत तू "हॅलो, हॅलो" करून कान किटवतेस. कागद बिचारा थांबतो.

परवा उसाच्या बांधावर बसलो होतो, तर तू आठवलीस. आपली पाण्याची पाळी असली की आई भाकरी घेऊन मळ्यात यायची आणि तू तात्याला कडेवर घेऊन तिच्यामागं. मी दारं धरायचो, पाणी एका सरीतनं दुसरीत वळवायचो. तात्या चिखलात बसून पाण्याला हुकूम सोडायचा, "हिकडं ये, हिकडं." पाणी आलं की टाळ्या. आई म्हणायची, "ह्यो सायेब हुनार." किती सुखाचे दिवस होते गं ते, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

साहेब व्हायला तो सांगलीच्या कॉलेजात गेला आणि आजार घेऊन परत आला. नसलेली माणसं त्याच्याशी बोलायची. आबांनी देवऋषी केले, अंगारे झाले, मग मिरजेचे डॉक्टर. गोळ्यांनी तो सावरला. लग्न झालं नाही, पण जनावरं आणि मळा यांत रमला. तुझी वहिनी होती तोवर आम्ही तिघं होतो, आता दोघं.

आई जाताना मला एकच म्हणाली होती, "तात्याला अंतर दिऊ नगंस." दिलं नाही. पण माझ्यामागं काय, हा घोर होताच. आमचा जयराज म्हणतो, पुण्याजवळ अशा माणसांसाठी चांगली संस्था आहे. गुढीपाडव्याला त्यानं मोबाईलवर दाखवली. स्वच्छ आहे, झाडं आहेत, नावं ठेवावीत असं काही नाही. पण गेल्या वर्षी जयराजच्या फ्लॅटवर तात्याला ठेवून पाहिलं, तर हा पहाटे खाली गाड्यांमध्ये गोठा शोधत फिरत होता. म्हणून श्रावणात तुला लिहिलं, माझ्यामागं तात्याला तू ने. तू लेकाला न विचारता कळवलंस, "खुशाल आण." वाचून रडलो.

आता ते पत्र बाजूला ठेव.

मागच्या आठवड्यात मी खोरं घेऊन पाटावर गेलो आणि पाणी आपल्या उसाकडं वळवलं. आपला चुलत पुतण्या गुंडा धावत आला. "आवं काका, आज आमची पाळी हाय." मी खवळलो. फौजेतून आल्यापासून मी कधी पाळी चुकवली नाही, आणि हा कालचा पोर मला शिकवणार? अंबू, मी त्याच्यावर खोरं उगारलं.

तेवढ्यात तात्या आला. त्यानं माझ्या हातातून खोरं काढून घेतलं. "दादा, आपली पाळी काल झाली. तूच पाणी पाजलंस की. म्या भाकरी आणली हुती."

मला पाणी आठवेना, भाकरीही आठवेना. खाली पाहिलं तर आपल्या सऱ्या ओल्या होत्या. गुंडा भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "असू द्या काका." तात्यानं मला हाताला धरून घरी आणलं.

परवा त्याच्या गोळ्यांसाठी मिरजेला गेलो. नेहमी डॉक्टरांशी मी बोलतो. या खेपेला तोच म्हणाला, "डागदर, माझं न्हवं, दादाचं बघा." त्यांनी तपासलं, डोक्याचा फोटो काढला. विसरण्याचा आजार आहे म्हणाले. हळूहळू वाढणार. आता मला गोळी तात्या देतो आणि मी गिळेपर्यंत समोर उभा राहतो. "जीब वर कर," म्हणतो. इतकी वर्षं मी त्याला तसंच म्हणत आलो. मला हसूच फुटलं.

जयराजला अजून सांगितलेलं नाही. पोरगा गुणी आहे, म्हणूनच भीती वाटते. तो दोघांचीही चांगली सोय करेल.

तात्याच्या म्हातारपणाची आखणी करत बसलो आणि माझं दारात येऊन उभं राहिलं. तात्या मला सांभाळतोय, पण एकटा किती दिवस पुरणार? त्याचं दुखणं उलटलं तर त्याला कोण बघणार? म्हणून माझ्यामागं ने असं आता लिहीत नाही. मी असतानाच ये. माहेरी म्हातारी लेक राहायला आली की लोक नाना तऱ्हेचं बोलतात. बोलू देत.

आणि आल्यावर एखाद्या दिवशी मी तुला "बाई, तुम्ही कोणाच्या?" असं विचारलं, तर रुसून तासगावची गाडी धरू नकोस. आत जाऊन तात्याजवळ बस. मी कोण होतो ते तो सांगेल.

तुझा, आज तुला पुरता ओळखणारा,
हंबीरदादा