जुळणी राहिलेली रुग्णबोट

प्रति,
मा. प्रमुख,
जलरुग्णवाहिका कक्ष,
मोखाडा, जि. पालघर.

विषय : इंजिनाची जुळणी होईपर्यंत रुग्णबोट गुरुवारी पाण्यात न काढण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास मिळालेली 'कर्तव्यात कसूर' ही नोटीस.

महोदय,

१. अर्जदार लहान्या बुधा वारघडे, राहणार खडकीपाडा, हे धरणाच्या फुगवट्यातील रुग्णबोटीचे चालक आहेत. पाड्याला रस्ता नाही. पलीकडच्या धक्क्यावर रुग्णवाहिका येते, तिथवर आजारी माणसाला पोहोचवायला ही बोट एवढेच साधन आहे.

२. पावसाळ्यात बोटीचे इंजिन मोठ्या दुरुस्तीसाठी ठाण्यास गेले व परत बसवण्यात आले. या बोटीचे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या फळीबाहेर असतो. मध्ये शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा असतो, तो इंजिनाला रबरी जोडाने जोडलेला असतो. इंजिन काढून पुन्हा बसवले की ते त्या शाफ्टच्या अगदी सरळ रेषेत आणावे लागते. त्यासाठी पाय उतरवून मागून एक लोखंडी बार घालतात. तो हाताच्या जोराने अलगद आत गेला तरच जुळणी बरोबर. हे काम करणारे डहाणूकडचे मिस्त्री श्री. धनेश तांडेल बार घेऊन आले होते. परंतु ठेकेदाराने 'काम पूर्ण' असे आधीच कळवल्यामुळे त्यांना फाटकातूनच परत पाठवण्यात आले.

३. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीला अर्जदाराची मुलगी चैती बोटीत होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. सोबत आरोग्यसेविका पुष्पलताताई होत्या. मध्यावर वळण घेताना मागून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज आला, फळी थरथरू लागली आणि रबर जळाल्याचा वास सुटला. पेट्रोलची टाकी शेजारीच होती. अर्जदाराने इंजिन बंद केले.

"बा, बंद कशाला केलास?" चैती ओरडली.

"जळायचा वास येतो, पोरी."

"मंग हात मार! ह्यो आता नाय थांबायचा!"

वारा बोटीला धक्क्यापासून दूर ढकलत होता. अर्जदाराने बसायची फळी उपटली आणि तिनेच पाणी ओढायला सुरुवात केली. पाठीमागे ताई मुलीला धीर देत होत्या. मग मुलीचा आवाज थांबला, ताईंचाही थांबला. मूल रडेना. बापाला मागे वळून बघवेना आणि हातातली फळी सोडता येईना. "ताई, काय झाला? ताई!" असे ते विचारत राहिले. अखेर बारीक, चिडका आवाज आला. तेव्हा अर्जदाराच्या हातातील फळी पाण्यात पडली, ती परत मिळालेली नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

४. सदर फळी हरवल्याबद्दल, तसेच 'दुरुस्त इंजिन भर पाण्यात विनाकारण बंद केल्याबद्दल' अर्जदारास नोटीस मिळाली. जुळणी झालेली नाही असे अर्जदाराने लेखी कळवले. त्यावर, तपासणीसाठी बोट चालू स्थितीत कार्यालयाच्या आवारात हजर करावी, असे उत्तर आले. कार्यालय वर डोंगरावर आहे. तिथे पाणी नाही.

५. यानंतर ठेकेदाराच्या फिटरने जळालेला जोड काढून नवा घातला. त्यासाठी उतरवलेला पाय अजून चढवला नव्हता, म्हणून धनेश मिस्त्री पुन्हा स्वखुशीने आले. त्यांनी बार घातला. तो अर्ध्यावर अडकला. मिस्त्रींनी अंगचा जोर लावला, अर्जदारानेही लावला. बार हलला नाही. "इंजिन पुढून खाली बसलाय. पुढचे नट फिरवून उचला, मी आत्ता करून देतो," असे मिस्त्री म्हणाले. फिटरने नटांवरील लाख दाखवली : "सील तुटलं तर वॉरंटी गेली. चालता चालता बसेल आपोआप." आणि पाय तसाच चढवला.

६. आता गुरुवारी बोटीचे पुनर्लोकार्पण आहे. बोटीला तोरणे बांधावीत, मान्यवरांना फुगवट्याचा पूर्ण फेरा मारून आणावा आणि छायाचित्रात अडथळा नको म्हणून लाइफ जॅकेट खाली ठेवावीत, असा तोंडी आदेश आहे. मागच्या रुंद बाकावर आपण स्वतः बसणार आहात. महोदय, जोड त्याच बाकाखाली आहे.

७. बोट उभी राहिली तर पाड्याचे हाल होतील, हे अर्जदार जाणतात. शेजारच्या सुनिताचे दिवस भरत आले आहेत. तिला लाकडी होडीने नेण्यासाठी तिचा नवरा माघ्या आणि अर्जदार पाळीपाळीने धक्क्यावर झोपत आहेत. तरीही या बोटीत ते तिला बसवणार नाहीत आणि आपणासही बसवणार नाहीत. यासाठी नोकरी गेली तरी चालेल.

८. तरी धनेश मिस्त्रींना सील तोडण्याची लेखी परवानगी द्यावी. बार हाताने आत गेला की अर्जदार त्याच क्षणी बोट काढतील. लोकार्पणाला थांबणार नाहीत.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

लहान्या बुधा वारघडे
(अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिणार व घटनेस साक्षी : पुष्पलता भोये, आरोग्यसेविका)

ठिकाण : खडकीपाडा धक्का
दिनांक : ४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. जळालेल्या जोडाचा तुकडा, कागदात गुंडाळून.
३. बोटीची चावी. दुसरी चावी नाही.