चढाची गाडी आणि हिचे गुडघे

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. तांत्रिक स्वरूपाची. घरगुती रडगाणी लिहायची नाहीत, फक्त गाडीच्या नोंदी.

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट. हॉटेलात परचेस ऑफिसर असताना मीच पसंत केलेली. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तीच मला भेट दिली. टाळ्या बराच वेळ थांबेनात. ड्रायव्हर लोक तर उभे राहून वाजवत होते. गाडी चढावर मान टाकते ही त्यांची कायमची तक्रार. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आमचं घर टेकडीच्या माथ्यावर, कॉलनीतलं शेवटचं. दुकानं, बसस्टॉप, दवाखाना सगळं खाली. दोन वर्षांपासून हिचे गुडघे दुखतात, म्हणून हिने खाली तळमजल्यावरचा एक फ्लॅट बघून ठेवलाय. मी या घरातला एकेक खिळा स्वतः ठोकलाय. मेलो तरी हलणार नाही. शेवटी तह झाला. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत गाडीने आम्हा दोघांना कॉलनीच्या खालच्या गेटपासून घरापर्यंत न थांबता आणलं, तर इथेच राहायचं. नाही आणलं, तर ब्रोकरला होकार. पुरुषाने एकदा मनावर घेतलं की मार्ग निघतोच.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिली चाचणी. सपाटीवर उत्तम. उतारावर अतिउत्तम. चढावर पाण्याच्या टाकीच्या वळणाशी थांबली.

चालवण्यात दोष नाही. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर, ही माझी शिस्त. हॉटेलात हा नियम मीच काढला होता. चढ असो, उतार असो, डावा पाय ब्रेकवरून उचलायचा नाही. नियम लागू केल्यापासून एकही अपघात नाही. अपघात व्हायला गाडी कुठे पोचावी तर लागते, असं एक ड्रायव्हर म्हणाला होता. त्याची बदली लॉन्ड्रीत केली.

५ फेब्रुवारी
रोगाचं मूळ सापडलं. बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमलेली. खायचा सोडा आणि टूथब्रश घेऊन सगळं लख्ख केलं. डिस्टिल्ड वॉटर भरलं. उद्या गाडी उडेल.

टूथब्रश हिचा निघाला.

६ फेब्रुवारी
उडाली नाही. पुन्हा टाकीशी थांबली. सोडा मुरायला वेळ लागत असणार.

गाडी तिथेच ठेवून हिच्याबरोबर वर चालत आलो. हिचे गुडघे वाटेत सारखे दुखत होते. आश्चर्य म्हणजे मी थांबू या का म्हणणार, त्याच्या आदल्याच क्षणी ते दुखायला लागतात. मग ही उभी राहते आणि मी कठड्यावर बसतो. मी बसलो की तिला घाई वाटत नाही. तिथून दृश्यही छान दिसतं. पिशव्या मी घेणार होतो, पण तोवर हिने दोन्ही हातांत घेतल्या होत्या.

९ फेब्रुवारी
हिच्या गुडघ्यांसाठी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चुकून माझीच छाती तपासली. पट्टी बांधून रक्तदाब पाहिला, एका यंत्राला वायरी जोडून कागद काढला, आणि हिच्या गुडघ्यांकडे बघायला त्यांना वेळच उरला नाही. चढ टाळा म्हणाले. हिला उद्देशूनच म्हणाले असणार, पण बघत माझ्याकडे होते. डोळ्यांत जरा तिरळेपणा असावा. गोळ्या लिहून दिल्या, त्या मात्र माझ्या नावावर. दवाखान्यांचा कारभार असाच. हिने घरी आल्यावर गोळ्या माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. भांडण नको म्हणून घेतो.

११ फेब्रुवारी
शेजारचे गृहस्थ, ज्यांना सगळी कॉलनी रेडिओ म्हणते, संध्याकाळी फिरताना गाडीच्या मागे मागे आले. (गाडीच्या मागे चालणं त्यांना सहज जमलं, हे ते सगळ्यांना सांगत सुटलेत.) म्हणाले की चढताना मागचा लाल दिवा सतत जळत होता, गेटपासून टाकीपर्यंत.

मुद्दा रास्त. दिवा उगाच जळतो म्हणजे बॅटरी खातो. लगेच बल्ब काढून टाकला. रेडिओ माझ्याकडे बघतच राहिले. माणसं इतक्या चटकन निर्णय घेताना त्यांनी पाहिलेली नसावीत.

१४ फेब्रुवारी
बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदार अभ्यासू वाटला. मी जे जे म्हणालो ते ते त्याला पटलं. केबल बारीक आहे म्हणालो, तर बारीकच आहे म्हणाला. मग मोटरला वीज कमी पोचते का, तर कमीच पोचते. जाड केबल घेतली, तीही त्याच्याकडेच होती. गाडी एकदा बघून जा म्हटलं, तर म्हणाला की तुम्ही बघितल्यावर मी काय बघायचं. असा जाणकार माणूस विरळा.

१७ फेब्रुवारी
जाड केबल लावली. टाकीशी थांबली.

आता कारण स्पष्ट आहे. वजन. आज छप्पर काढलं, पुढची काच काढली, गोल्फच्या पिशव्यांचा स्टँड काढला, मागची सीट काढली. ही चहा घेऊन आली आणि थोडा वेळ गाडीकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली की वजनाचंच म्हणाल तर आणखीही एक जागा आहे. मी विचारलं कुठली. तिने बिस्किटांची बशी उचलून आत नेली.

१८ फेब्रुवारी
दुपारी मुलीचा फोन. मी घेतला तर म्हणाली आईला द्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी आत गेलो की विषय हवापाण्यावर यायचा. बाहेर आलो की आवाज हळू. फ्लॅटचं कारस्थान शिजतंय. हिला मी एवढंच विचारलं की स्वतःच्या घरात चढून यायची एवढी भीती का. ती खिडकी पुसत बसली. खिडकी सकाळीच पुसली होती.

२१ फेब्रुवारी, रविवार
प्रगती. गाडीला आता चढावर करपल्यासारखा वास येतो. म्हणजे मोटर जोर लावतेय. पूर्वी वासदेखील येत नव्हता. आठवडा हातात आहे.

२७ फेब्रुवारी
सर्व तयारी पूर्ण. टायरमध्ये हवा, बॅटऱ्या पूर्ण चार्ज, स्क्रूड्रायव्हरसुद्धा घरी काढून ठेवला. उद्या हे घर वाचवायचं. भिंतींवरून एकदा हात फिरवला. असं पूर्वी कधी केलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, रविवार, दुपार
शांतपणे लिहितो.

गेटपाशी ब्रोकर फ्लॅटच्या किल्ल्या घेऊन उभा. रेडिओ सपत्नीक हजर. मी ड्रायव्हरच्या जागी, ही शेजारी. निघालो. पहिल्या वळणापर्यंत गाडीने इज्जत राखली. मग वास, मग धूर. धूर मोटरमधून नाही, मागच्या चाकांतून येतोय असं रेडिओ ओरडले. टाकीशी थांबली.

चाक बघायला मी खाली उतरलो. गाडी मागे जाऊ नये म्हणून ही सरकून माझ्या जागी बसली आणि ब्रेक दाबून धरला. मी बाजूला झाल्यावर म्हणाली की बघते जरा. ब्रेकवरचा पाय काढून तोच ॲक्सिलरेटरवर ठेवला, आणि डावा पाय, मी स्वतः पाहिलं, मांडीखाली घेतला. पाटावर बसल्यासारखी! नियमाची काही चाडच नाही. आणि गाडी चालू लागली. नुसती चालू लागली नाही, पळाली. वळणावरून दिसेनाशी झाली.

माझं वजन उतरल्याचा हा परिणाम, असं मी रेडिओंना समजावत होतो, तेवढ्यात ही परत खाली आली आणि रेडिओंना शेजारी, त्यांच्या मंडळींना मागच्या उघड्या फळीवर बसवून पुन्हा वर गेली. दोघंही भरभक्कम आहेत. तिसरी फेरी माझी. मला खाली गेटपर्यंत नेलं, तिथून न थांबता घरापर्यंत आणलं. अटीत कोणी चालवायची ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून तह मी जिंकला. ब्रोकरला हिने हात जोडून नाही म्हणून सांगितलं. रेडिओंनी टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी होत्या ते विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
हिचं म्हणणं असं की गाडीत कधी काही बिघडलंच नव्हतं. एका पायाने ढकलायचं आणि दुसऱ्याने अडवायचं, मग ती तरी काय करील. सोडा, केबल, छप्पर, सगळं फुकट. हे तपासून पाहावं लागेल. हॉटेलातले ड्रायव्हर उभे राहून का टाळ्या वाजवत होते, हा प्रश्न उगाच डोक्यात आला. जेवताना लक्ष लागलं नाही.

३ मार्च
तपासलं. डावा पाय उचलून चढावर गेलो. गाडी झपकन निघाली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुन्हा उचलला, पुन्हा गेला. मला भीती वाटते. मागे सरकेल, हातातून सुटेल अशी. एवढी वर्षं या भीतीला शिस्त म्हणत होतो.

चालकपदी हिची नेमणूक केली. गाडीची चावी स्वतःहून सुपूर्द केली. ती आधीच हिच्या पर्समध्ये होती.

५ मार्च
ही दिवसातून दोनदा खाली जाते. शेजारी बसा म्हणते. मी बसत नाही. कॉलनीभर बायकोने मिरवत न्यायचं, आणि रेडिओने ते सगळ्यांना ऐकवायचं? मला धडधाकट पाय आहेत. गुडघे तिचे दुखतात, माझे नाहीत. उद्या चालत जाऊन चालत येणार. एका दमात.

६ मार्च, संध्याकाळ
दुपारी ही जरा आडवी झाल्यावर निघालो. उतरताना मजेत.

वर येताना टाकीपर्यंतसुद्धा धड आलो नाही. कठड्याला कसाबसा टेकलो. आज ही सोबत नव्हती, त्यामुळे वाटेत कुणाचे गुडघे दुखले नाहीत आणि थांबायला काही निमित्त मिळालं नाही. छाती भात्यासारखी चालली होती. घाम गार. दृश्य दिसलं नाही. समोर काय आहे तेच कळत नव्हतं. उठून उभं राहावं म्हटलं तर पाय उचलेनात. घाबरलो. इतका घाबरलो की हाक मारावी असं वाटलं, आणि तोंडात आलं ते हिचंच नाव.

किती वेळ गेला माहीत नाही. गाडी आली. हिने हॉर्न वाजवला नाही, इथे काय करताय असंही विचारलं नाही. टुणकन उडी मारून उतरली, चढावरची खडी तुडवत झपझप माझ्यापाशी आली, खाली उकिडवी बसून माझ्या चपलेचा सुटलेला पट्टा लावला आणि हाताचा आधार न घेता उभी राहिली. दोन वर्षं गुडघ्यांनी आजारी असलेली बाई.

मग म्हणाली की आज गुडघे अगदी भरून आलेत, चालवणं सुचत नाही, एकटीला भीती वाटते, जरा शेजारी बसाल का.

मी तिच्याकडे बघितलं. तिने दुसरीकडे बघितलं. मला सगळं कळलं. कठड्यावरचा प्रत्येक थांबा, ताटाशेजारच्या गोळ्या, फ्लॅट, सगळं.

मी म्हणालो की हो, बसतो, तुझ्या गुडघ्यांची काळजी घ्यायला हवी. तिने मला धरून उठवलं.