झाकणाखालचं नाव

आचल,

१९७८ साली मी बाळंतपणाला अमरावतीला माहेरी असताना सासूबाईंनी माझ्या आंदणातली शिलाई मशीन नणंदेच्या, कुसुमच्या, आंदणात देऊन टाकली. परतल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "घरातलीच पोर हाय, तुले काहून झोंबते?" तुझे सासरे चपला घालून बाहेर निघून गेले.

दिवाणखान्यात शोभेल म्हणून तू आज कुसुमच्या मुलाकडून जी जुनी मशीन घेणार आहेस, ती हीच. झाकण उलटून बघ. माझ्या बाबांनी कोरून घेतलेलं माझं नाव दिसेल. आपलीच वस्तू विकत घ्यायची नाही, परत पाठव. तो मशीन घेऊन येईल तेव्हा मी देवळात असेन.

सासूबाई गेल्या, तुझे सासरेही गेले. कुसुमने त्या मशीनवर शिवणक्लास चालवून जठारपेठेत घर बांधलं. मी अजून ब्लाउज शिंप्याकडे टाकते.

आई