पिशवीवाल्यांची चित्रं

३ फेब्रुवारी
समुद्रजीवांच्या प्रयोगशाळेतून फोन. हिची चित्रं भिंतीवर लावायची म्हणतात. ही जाऊन आठ महिने झाले, हिच्या चित्रांची पेटी मी अजून उघडलेली नाही. आता उघडावी लागणार.

४ फेब्रुवारी
उघडली. पेन्सिलींच्या लाकडाचा वास तसाच!

वरच पिशवीवाल्या. नखाएवढे, कोळंबीसारखे, आरपार दिसणारे जीव. मादीच्या पायांच्या मुळाशी पिशवी, अंडी तिच्यातच — म्हणून आम्ही दोघांनी ठेवलेलं हे नाव. मी सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचो, ही काढायची. पुढेपुढे स्वतःच बघायला लागली, आणि माझ्यापेक्षा बरं बघायची. अंड्यातून निघालेली पिल्लं पिशवीतच वाढतात. आधी बिनडोळ्यांची, मग काळे ठिपके उमटतात. ते दिसले की ही मला हाक मारायची, "अहो, डोळे आले!" दोघं आळीपाळीने बघत बसायचो. चहा गार व्हायचा. रोजच व्हायचा.

६ फेब्रुवारी
एक खोडलेलं चित्र सापडलं. खोडणारा मीच. रेघा अजून पुसट दिसतात — मादी बाहेरचं पिल्लू पायांनी धरून पिशवीत घालते आहे. कोपऱ्यात हिच्या अक्षरात तारीख, एकतीस वर्षांपूर्वीची.

दाखवायला आली तेव्हा म्हणाली होती, पिल्लू त्या मादीचं नव्हतं, दुसरीच्या पिशवीतून पडलेलं होतं.

"दुसरीचं पिल्लू कोण कशाला पोटाशी धरेल? काहीतरीच तुझं," मी म्हणालो. आणि चित्र माझ्या प्रबंधातून काढून टाकलं. ही वाद घालत बसली नाही. पेन्सिलींना टोकं करत बसली.

लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. पुढेही झालं नाही.

९ फेब्रुवारी
चित्रं पोचवली. जिन्यात दोनदा थांबलो. तिथे आता एक तरुण संशोधक आहे, चुणचुणीत मुलगी. खोडलेला कागद तिने खिडकीशी उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिली.

"सर, काकूंनी हे तेव्हा पाहिलं होतं? आम्हाला हे टाकीत दिसतं. पडलेलं पिल्लू या उचलतात. दुसरीचं असलं तरी."

मला टाकीपाशी नेलं, हातात भिंग दिलं. तासभर उभा होतो. अखेर दिसलं. एका मादीने स्वल्पविरामाएवढं पिल्लू पायांनी ओढून घेतलं, दोन-तीनदा गोल फिरवलं आणि आत सरकवलं. हिने काढलं होतं अगदी तसंच.

मुलीने विचारलं, हे खोडलं कुणी? मी, म्हणालो.

१० फेब्रुवारी
काही लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी
पेटीच्या तळाशी अनाथाश्रमाचा अर्ज. मूल दत्तक घेण्याचा. पूर्ण भरलेला. हिची सही आहे, माझ्या सहीची जागा कोरी. तारीख त्या चित्राच्या आदल्या दिवसाची. म्हणजे ही मला चित्र दाखवायला आली, तेव्हा हा कागद तयार होता. मला तो तिने कधीच दाखवला नाही.